सणाची टोलमाफी : हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण भावावर बोललो, विजेवर बोललो. मला विषय दिला आहे टोलचा. तुमच्यापैकी काही जणांना वाटले असेल, टोल हा मोटारवाल्यांचा विषय, ज्याच्या दारात मोटार नाही त्याने त्यात कशाला पडायचे? मी तुम्हाला एवढेच सांगतो, की तुमच्या दारात मोटार असो वा नसो, टोल तुम्ही भरता. तो तुमच्या हातून कोणी घेत नाही, तुमच्या पट्टीतून घेतला जातो. पट्टीवर 'मोटारभाडे' म्हणून जो आकडा असतो, त्याच्या पोटात टोल बसलेला असतो. पावती गाडीवाल्याच्या नावाची आणि पैसा शेतकऱ्याचा.

हे आधी सांगायचे कारण असे, की दरवर्षी सण आला की टोलमाफीची घोषणा होते आणि माफी म्हटले की आपण टाळ्या वाजवतो. टाळ्या वाजवण्याआधी माफी कोणाला मिळाली आणि तिचे पैसे कोणी भरले, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. आज मी तेवढेच करणार आहे.

माफी कोणाला?

गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांना टोल माफ असतो. २०२५ साली २३ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर अशी ही माफी होती. 'गणेशोत्सव २०२५, कोकण दर्शन' अशा नावाचे पास छापले, आरटीओ आणि पोलीस चौक्यांमधून वाटले. आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांच्या गाड्यांनाही अशीच माफी मिळते. मी वारकऱ्यांच्या विरोधात बोलत नाही आणि चाकरमान्यांच्याही विरोधात बोलत नाही. वारीला जाणारा माणूस बहुतेक शेतकरीच असतो. गणपतीला गावी येणारा चाकरमानी हाही शेतकऱ्याचाच पोरगा, शेतीत भागेना म्हणून मुंबईला गेलेला. त्याचे चार पैसे वाचले तर आपल्याला वाईट वाटण्याचे काही कारण नाही.

पण ही गोष्ट सणापुरती राहिलेली नाही. १ जून २०१५ पासून राज्यातले १२ टोलनाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर मोटारी, जीप आणि एसटी बस यांना टोल माफ झाला. मालाचे ट्रक भरतच राहिले. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि मुंबईत शिरण्याच्या पाचही नाक्यांवर, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन्ही, ऐरोली आणि वाशी येथे, त्याच मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. यावर मी काही बोलत नाही, तारखा बोलतात. तिथेही जड वाहनांचा टोल राहिला.

२०२५ च्या १५ ऑगस्टपासून केंद्र सरकारने राष्ट्रीय महामार्गांसाठी वार्षिक पास काढला. तेव्हा ३००० रुपयांत २०० फेऱ्या होत्या. एका नाक्याला १५ रुपये पडले. स्वस्त आहे, चांगले आहे. पण हा पास फक्त खाजगी मोटार, जीप आणि व्हॅनला मिळतो. टोमॅटो भरलेल्या पिकअपला मिळत नाही. त्याच ऑगस्टात राज्यात विजेवरच्या मोटारींना आणि बसगाड्यांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे टोल माफ झाला.

आता ही सगळी यादी एका ओळीत मांडून पाहा. देवाला जाणाऱ्याला माफी, गावाला जाणाऱ्याला माफी, शहरात राहणाऱ्याला माफी, विजेच्या मोटारीला माफी. या यादीत भाजीची गाडी कुठे आहे? ट्रॅक्टर आणि बैलगाडीला राष्ट्रीय महामार्गावर फी नाही, एवढाच काय तो आपला उल्लेख. पण जुन्नरहून वाशीला टोमॅटो ट्रॅक्टरने जात नाहीत आणि लासलगावचा कांदा बैलगाडीने बंदरावर पोचत नाही.

पैसे कोणी भरले?

'माफी' हा शब्दच फसवा आहे. सावकाराने कर्ज माफ केले तर पैसे सावकाराचे बुडतात. टोलमाफीत कंत्राटदाराचे काहीही बुडत नाही. त्याच्याशी सरकारने करार केलेला असतो. सरकारने वसुली थांबवली, तर करारातली भरपाई देणे सरकारवर बंधनकारक असते. भरपाईचे मार्ग दोनच. एक, तिजोरीतून पैसे मोजायचे. दुसरा, वसुलीची मुदत वाढवून द्यायची. २०१५ च्या माफीचे पैसे तिजोरीतून गेले. मुंबईच्या पाच नाक्यांचे मात्र उदाहरण बघण्यासारखे आहे. तिथल्या वसुलीची मुदत २०२६ साली संपायची होती, ती २०२९ पर्यंत लांबवली गेली. मोटारी सुटल्या. मग या वाढलेल्या वर्षांत नाक्यावर भरणार कोण? ज्यांचा टोल राहिला ते, म्हणजे ट्रक. ट्रकमध्ये काय असते? धान्य, कांदा, बटाटा, फळे.

याला आपल्या भाषेत नाव आहे, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दान सरकारने केले, पुण्य सरकारला लागले, आणि मिठाई गेली ती दुसऱ्याच्या दुकानातली.

पाठीमागे नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली, तेव्हा ९ नोव्हेंबरपासून २ डिसेंबरपर्यंत राष्ट्रीय महामार्गांवर टोल बंद होता. ती माफी मात्र सर्वांना होती, मोटारीला आणि ट्रकलाही. म्हणजे सर्वांना एकाच मापाने मोजणे अशक्य आहे असे नाही. मनात आले तर जमते.

टोल भाव पाहत नाही

आता हिशेब करू. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १ एप्रिल २०२३ पासून मोटारीला ३२० रुपये, टेम्पोला ४९५ आणि दोन आसांच्या ट्रकला ६८५ रुपये असा दर लागू झाला. समजा, एका पिकअपमध्ये ७५ क्रेट टोमॅटो आहेत, वीस किलोचा एक क्रेट, म्हणजे दीड टन माल. जाताना ४९५ रुपये. येताना गाडी रिकामी, तरीही ४९५. एकूण ९९० रुपये. क्रेटला पडले १३ रुपये २० पैसे.

क्रेट ४०० रुपयांना गेला तर शंभराला सव्वातीन रुपये टोलात गेले. ते आपल्याला जाणवत नाही. पण क्रेट ८० रुपयांना गेला तर शंभराला साडेसोळा रुपये गेले. आणि क्रेट ४० रुपयांवर आला, तर तिसरा हिस्सा टोलात गेला. हमाली, तोलाई, डिझेल, ड्रायव्हरची मजुरी हे सगळे त्याच्याशिवाय. टोमॅटो उतरला तरी टोल उतरत नाही.

याच्यावर शहरातले शहाणे लोक म्हणतात, टोल वाढला तर व्यापारी तो गिऱ्हाइकाकडून वसूल करतो, शेतकऱ्याचा काय संबंध? माल लोखंडाचा असता तर हे म्हणणे खरे ठरले असते. लोखंडवाला भाव पटला नाही तर माल गोदामात ठेवतो. आपला माल पहाटे बाजारात उतरला की संध्याकाळपर्यंत विकावाच लागतो. त्याला परत आणायचे तर पुन्हा भाडे, पुन्हा टोल आणि घरी येईतो चिखल. जो थांबू शकत नाही त्याच्या अंगावर शेवटचे ओझे पडते, हा बाजाराचा नियम आहे. वाशीचा भाव वाशीत ठरतो. त्यातून भाडे वजा जाऊन उरेल ते शेतकऱ्याचे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. राष्ट्रीय महामार्गावरचा टोल दरवर्षी १ एप्रिलला आपोआप वाढतो. २००८ च्या नियमांतच लिहिले आहे, दर साल ३ टक्के आणि घाऊक किमतींच्या निर्देशांकात जी वाढ होईल तिच्या ४० टक्के. त्यासाठी कोणाला मोर्चा काढावा लागत नाही, उपोषणाला बसावे लागत नाही. महागाई वाढली म्हणून रस्त्याचा भाव वाढतो. तीच महागाई वाढली की आपल्या कांद्याची निर्यात बंद होते. नाक्याला जो न्याय मिळतो तो वावराला मिळत नाही.

त्याच २००८ च्या नियमांत एक चांगली गोष्टही होती. रस्त्याचा खर्च वसूल झाला की टोल ४० टक्क्यांवर आणायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम बदलला आणि ही उतरंड काढून टाकली. म्हणजे खर्च वसूल झाला तरी टोल पूर्ण दराने चालूच. शेतकऱ्याने कर्ज फेडले आणि तरी सावकाराने हप्ता चालू ठेवला, तर त्याला आपण काय म्हणतो?

आणि डिझेल? केंद्रीय रस्ता निधीचा कायदा २००० साली झाला. त्या निधीत डिझेलवरच्या उपकराचा पैसा जातो. तुमचा ट्रॅक्टर वावरात नांगरतो, महामार्गाचे तोंडही पाहत नाही, तरी त्याच्या डिझेलवर रस्त्याचा उपकर भरला जातो. मग तोच माल रस्त्यावर आला की पुन्हा टोल. समृद्धी महामार्गाला तर दहा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांची जमीन गेली. जमीन आमची, डिझेलचा उपकर आमचा, टोल आमचा आणि माफी दुसऱ्याला.

रस्ता नको असे नाही

कोणी असा अर्थ काढू नये, की आपण रस्त्याच्या विरोधात आहोत. चांगला रस्ता शेतकऱ्यालाच सर्वांत जास्त लागतो. खड्ड्यांच्या रस्त्याने क्रेट दचकत गेला, की वरचा टोमॅटो खालच्याला चिरडतो. दोन तास लवकर पोचलेली मेथी आणि दोन तास उशिरा पोचलेली मेथी यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो. रस्ता करायला पैसा लागतो, आणि जो वापरतो त्याने तो द्यावा, हे तत्त्व आपल्याला मान्य आहे. जड गाडी रस्ता जास्त झिजवते, तिने जास्त द्यावे, हेही मान्य आहे. अमान्य आहे ते एवढेच, की मते ज्याची मोठी त्याला सोडायचे आणि त्याचा वाटा मुका माल वाहणाऱ्याच्या डोक्यावर टाकायचा.

चीनमध्ये काय केले?

सुट्टीत टोल माफ करणारे आपण एकटे नाही. चीनमध्ये २०१२ सालापासून वसंतोत्सव, छिंगमिंग हा पितरांचा सण, कामगार दिन आणि राष्ट्रीय दिन या चार सुट्ट्यांत सात आसनांपर्यंतच्या मोटारींना टोल माफ असतो. पहिल्यांदा २०१२ च्या राष्ट्रीय दिनाला ही माफी लागू झाली, तेव्हा इतक्या मोटारी रस्त्यावर आल्या की मैलोन् मैल रांगा लागल्या. फुकट म्हटले की गर्दी होते, ती तिकडेही होते.

पण तिथे आणखी एक व्यवस्था आहे, आणि ती मोटारींच्या माफीच्याही खूप आधीची आहे. तिला 'हिरवा मार्ग' म्हणतात. शानतुंग प्रांतातले शौग्वांग हे भाजीपाल्याचे मोठे ठिकाण. तिथून राजधानी बीजिंगला भाजी नेणाऱ्या गाड्यांसाठी १९९५ साली हा मार्ग सुरू झाला. २००५ मध्ये त्याचे देशभर जाळे करायचे ठरले आणि १ डिसेंबर २०१० पासून टोल असलेल्या सगळ्या रस्त्यांवर तो लागू झाला. ताजी भाजी, फळे, जिवंत मासे, जनावरे, कोंबड्या, अंडी, दूध, ताजे मांस वाहणाऱ्या गाडीला टोल नाही. चार दिवसांच्या सुट्टीत नव्हे, वर्षाचे ३६५ दिवस. अट अशी की गाडी याच मालाने भरलेली पाहिजे आणि वजन कायद्यात बसणारे पाहिजे.

तिथले सगळे गोड आहे असे मी सांगणार नाही. वरती कोबी आणि खाली दुसराच माल, असे प्रकार तिथेही होतात. त्यासाठी नाक्यावर तपासणी करावी लागते आणि तपासणीत वेळ जातो. रस्ता चालवणाऱ्या कंपन्या उत्पन्न बुडते म्हणून तक्रार करतात. पण गाडीतला माल नासका आहे आणि त्याला सुट्टी नसते, एवढे त्या सरकारने ओळखले. सहलीला जाणाऱ्याला वर्षातून चार वेळा माफी आणि भाजीला रोजची, असा क्रम त्यांनी लावला. आपल्याकडे पहिली अर्धी गोष्ट घेतली, दुसरी सोडून दिली.

आपले अधिकारी म्हणतील, नाक्यावर शेतमालाची गाडी ओळखायची कशी? याचे उत्तर त्यांच्याच आदेशात आहे. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर जड वाहनांना बंदी घालतात. त्या आदेशात दूध, भाजीपाला आणि नाशवंत माल यांच्या गाड्या वगळलेल्या असतात. म्हणजे भाजीची गाडी सोडायची असली की पोलिसाला ओळखता येते. कोकणात कोण चालला आहे हे पास देऊन ओळखता येते. मग टोल घ्यायच्या वेळीच डोळ्यांवर पट्टी का येते?

आपण मागायचे काय?

इथे थोडे सावध राहिले पाहिजे. 'आम्हालाही टोल माफ करा' अशी मागणी सोपी आहे. उद्या एखादा मंत्री येईल, कृषिदिनाला एक दिवस भाजीच्या गाड्यांना टोल माफ म्हणून जाहीर करील, आपल्या हातात हार देईल आणि तो आपल्याकडूनच स्वतःच्या गळ्यात घालून घेईल. आपण सूट मागणारे लोक नाही. सूट मागणाऱ्याला नेहमी दात्याच्या तोंडाकडे पाहत बसावे लागते. आपली मागणी हिशेबाची आहे. तिचे चार भाग आहेत.

पहिला भाग, प्रत्येक नाक्यावर रस्त्याचा खर्च किती, आजपर्यंत वसूल किती, बाकी किती आणि वसुली कोणत्या तारखेला संपणार, हे मराठीत, ठळक अक्षरात लिहिलेले असावे.

दुसरा भाग, माफी जाहीर होईल त्याच दिवशी तिचे पैसे कोठून येणार हेही जाहीर व्हावे. मोटारींना दिलेल्या माफीसाठी मालगाड्यांवरची मुदत वाढवता कामा नये.

तिसरा भाग, राष्ट्रीय महामार्गावर खर्च वसूल झाल्यावर टोल ४० टक्क्यांवर आणण्याचा जुना नियम पुन्हा लागू व्हावा.

चौथा भाग, जोपर्यंत मोटारींना माफी चालू आहे, तोपर्यंत नाशवंत शेतमालाने भरलेल्या गाडीला आणि तिच्या रिकाम्या परतीला टोल नसावा. ज्या दिवशी सर्वांना एकच माप लागेल आणि हिशेब उघडा होईल, त्या दिवशी आपणही रांगेत उभे राहून टोल भरू. एक पैसा कमी देणार नाही.

काही जण म्हणतील, हे होणार कसे? कोल्हापूरकडे बघा. शहरातल्या रस्त्यांसाठी तिथे टोल बसवला होता. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखा वयोवृद्ध माणूस रस्त्यावर उतरला, सगळे पक्ष, सगळ्या तालमी, बायाबापड्या एकत्र आल्या आणि २०१५ संपता संपता टोल रद्द करावा लागला. तिथेही भरपाई सरकारी तिजोरीतूनच द्यावी लागली, ही गोष्ट विसरू नका. नाका हटवला की हिशेब मिटत नाही, म्हणून मी हिशेबाचा आग्रह धरतो. पण लोक चिकाटीने उभे राहिले तर करार बदलतो, हे कोल्हापूरने दाखवून दिले.

आता घरी गेल्यावर करायचे काम सांगतो. पूर्वी नाक्यावर चिटोरा मिळायचा, तो ड्रायव्हर वाटेत फेकून द्यायचा. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि प्रत्येक नाक्यावर किती वाजता किती रुपये कापले याची नोंद राहते. ही यंत्रणा त्यांनी वसुलीसाठी आणली, आपण ती हिशेबासाठी वापरू. तुमच्या गावातून माल नेणाऱ्या गाडीवाल्याकडून तीन महिन्यांच्या फास्टॅगचा उतारा घ्या. तो आपला वैरी नाही, त्याचेही दुखणे हेच आहे. त्याच्याजवळ आपल्या पट्ट्या लावा. कोणत्या तारखेला किती क्रेट गेले, क्रेट काय भावाने गेला, टोल किती कापला, हे एका वहीत लिहा. आणि तुमच्या वाटेवर जो नाका आहे, त्याचा करार, रस्त्याचा खर्च आणि आजवरची वसुली यांची माहिती २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने मागवा. अर्जाला दहा रुपये लागतात. एका तालुक्याने एक नाका घ्यावा, म्हणजे जिल्ह्याचा हिशेब पुरा होईल.

पुढच्या बैठकीला येताना भाषणे आणू नका, वह्या आणा. त्या वह्या टेबलावर एकावर एक ठेवल्या म्हणजे कोणाच्या सणाचा खर्च कोणाच्या पट्टीतून गेला, हे सांगायला कोणाही वक्त्याची गरज पडणार नाही.

एवढे बोलून मी थांबतो.